पहाटे साडेतीनची जाग: घोरणं, नामस्मरण आणि मास्क

हे प्रकरण सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या ५८ वर्षांच्या एका गृहस्थांचं आहे. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमचे सुपरवायझर, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. त्यांच्या आणि काकूंच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दवाखान्यात मी त्यांना काका म्हणते, इथेही तेच म्हणेन.

लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी लोकांनी आधी ध्यान, रेकी, हीलिंग असं काहीतरी केलेलं असतं, पण डॉक्टर चिडतील म्हणून ते सांगत नाहीत. तिकडे हीलिंग करणाऱ्यांपुढे घोरण्याचा विषय निघत नाही, कारण घोरणं हा काही मनाचा किंवा आत्म्याचा प्रश्न वाटत नाही. रुग्ण एकच, पण दोन्हीकडे अर्धाच पोचतो. काकांनी मला दोन्ही अर्धे सांगितले, म्हणून त्यांची गाठ सुटली.

ते आले होते रक्तदाबासाठी. दोन गोळ्या नियमित चालू, मीठ कमी केलेलं, तरी दाब १५०/९६. झोपेबद्दल विचारलं तर म्हणाले, "झोपेचं उत्तम आहे, डॉक्टर. मधे दोन वर्षं फार वाईट गेली, पण आता हीलिंगनं साडेदहाला पडलो की लागते." काकू शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "यांना लागते. मला लागत नाही."

काकू कित्येक वर्षांपासून हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. घोरणं दाराआडूनही ऐकू येतं. पण त्यांना जाग घोरण्यानं येत नाही. घोरणं थांबलं की येते. मग उठून आत जायचं, छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना बघायचं, आणि परत येऊन पडायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. घरच्यांना तर "ढाराढूर झोपतो" म्हणजे माणूस सुखी, असंच वाटत होतं.

हीलिंगपर्यंतची वाट

काकांचे थोरले बंधू चौपन्नाव्या वर्षी झोपेतच गेले. घरी भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, पुण्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही. काकांना मात्र तेव्हापासून पलंगाची धास्ती बसली. एक-दीड वाजेपर्यंत टीव्हीसमोर बसायचं, डोळा लागला की दचकून उठायचं. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, अर्धी. ती पुढे चालूच राहिली. मग कंपनीतल्या एका सहकाऱ्यानं त्यांना कोथरूडमधल्या एका हीलिंग केंद्रात नेलं.

तिथे काय करायचे हे मी बारकाईनं विचारलं. मंद उजेडात आडवं व्हायचं. हीलर ताई डोक्यापासून पायापर्यंत अंगावरून, स्पर्श न करता, हात फिरवायच्या. मग लांब उच्छ्वास, मग योगनिद्रा. घरी करायला दिलेलं साधंच होतं: दिवेलागणीला हरिपाठ, साडेनऊनंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि पडल्या पडल्या दिवसभराचं सगळं विठ्ठलाच्या पायाशी ठेवून द्यायचं. दोन-अडीच महिन्यांत काकांची पलंगाची भीती ओसरली. साडेदहाला झोप लागू लागली.

हा फायदा खरा आहे आणि तो मला कमी लेखायचा नाही. ठरलेली वेळ, समोरचा पडदा बंद, संथ उच्छ्वास, मनावरचं ओझं उतरवण्याची जागा, यातली प्रत्येक गोष्ट निद्रानाशावर काम करते. शिवाय त्या ताईंनी भावाच्या मरणाबद्दल काकांना तासभर बोलू दिलं होतं. तोवर ते कुणीच केलं नव्हतं.

पण झोप लागणं आणि झोप होणं यांत अंतर आहे. काकांची झोप लागत होती, होत नव्हती.

रोज पहाटे साडेतीनच्या आसपास त्यांना जाग यायची. घरात याला मान होता. काका उठायचे, लघवीला जाऊन यायचे, हातपाय धुऊन देवघरासमोर बसायचे. बसल्यावर पाचेक मिनिटांत मान खाली जायची, आणि डोळे उघडायचे तेव्हा घड्याळात पाऊण तास गेलेला असायचा. काकांना वाटायचं, ब्राह्ममुहूर्तावर कुणीतरी उठवतं आहे आणि ध्यान लागतं आहे. ताईंनाही ही प्रगतीच वाटली.

मी विचारलं, "जाग येते तेव्हा सगळ्यांत आधी काय जाणवतं?"

काका जरा थांबले. "छाती धडधडते. बनियन ओला असतो. तोंडाला कोरड पडलेली असते. कधी कधी बुडता बुडता वर आल्यासारखं होतं."

साधनेसाठी आपोआप जाग येणारी माणसं मी पाहिली आहेत, माझ्या आजोळीही होती. ती शांतपणे उठतात, घामाघूम होऊन नाही. आणि ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाआधीची साधारण ९६ ते ४८ मिनिटं. पुण्यात सूर्योदय वर्षभरात सहाच्या सुमारापासून सात-सव्वासातपर्यंत सरकतो. म्हणजे साडेतीनला तो मुहूर्त कुठल्याच ऋतूत लागत नाही. काकांना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. फक्त त्या दृष्टीनं त्यांनी पाहिलं नव्हतं.

साडेतीनच का, याचं उत्तर झोपेच्या रचनेत आहे. स्वप्नांची झोप, जिला रेम म्हणतात, ती रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. त्या झोपेत अंगाचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडतात, घशाचेसुद्धा. ज्याचा घसा मुळात अरुंद, त्याची श्वासाची वाट नेमकी तेव्हा मिटते. प्राणवायू खाली जातो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस धापा टाकत जागा होतो. वारंवार लघवीला उठणंही त्यातलंच. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतला दाब बदलतो, हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि हृदयातून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. पन्नाशीपुढचे किती पुरुष याला "प्रोस्टेट असेल" म्हणून सोडून देतात.

आणि ध्यानात मान खाली जाणं? ते बहुतेक रात्रीची थकबाकी वसूल होणं होतं. कारण काका कंपनीच्या बसमध्ये झोपत होते, मीटिंगमध्ये झोपत होते, हरिपाठाच्या मंडळातही टाळ हातात धरून झोपत होते. आणि हे त्यांनी अगदी शेवटी, काकूंकडे न बघता सांगितलं: राजाराम पुलाच्या चौकात लाल दिव्याला पाय टेकवून ॲक्टिव्हावर त्यांचा डोळा लागला होता. मागच्यांच्या हॉर्ननं जाग आली.

त्या दिवसापासून गाडीची चावी काकूंकडे गेली. निदान व्हायचं होतं, पण ही गोष्ट निदानासाठी थांबवता येत नाही.

तपासणी

वजन ८९ किलो, उंची १६९ सेंटिमीटर. मानेचा घेर ४३. पुरुषात ४० च्या वर गेला की मी सावध होते. जीभ बाहेर काढायला सांगितली तर पडजीभ दिसतच नव्हती. थायरॉईडची तपासणी ठीक. १९९१ मध्ये मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी दिवसाच्या झोपाळूपणाची एक प्रश्नावली तयार केली, एपवर्थ नावाची: आठ प्रसंग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. दहाच्या वर गेलं तर दिवसाची झोप जास्त समजायची. काकांचे २४ पैकी १६ आले.

त्याहून बोलकी होती काकूंनी मोबाइलवर घेतलेली चित्रफीत, जी मी त्यांना मुद्दाम काढून आणायला सांगितली होती. जोरात घोरणं, मग एकदम शांतता. आवाज बंद, पण पोट आणि छाती हलताहेत, एक वर तर एक खाली, ओढाताण चाललेली, आणि नाकातोंडातून हवा मात्र नाही. मी घड्याळ लावलं: ४० सेकंद. मग मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास आणि कूस बदलणं. काका ती फीत पहिल्यांदाच पाहत होते. फोन खाली ठेवून म्हणाले, "भाऊ असाच घोरायचा."

त्यांच्या भावाला काय झालं होतं हे आज कुणीच सांगू शकणार नाही, आणि मी तेच त्यांना सांगितलं.

झोपेची पूर्ण तपासणी एका रात्रीची झाली: डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला तारा, छातीपोटाला पट्टे, बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी. श्वास निदान १० सेकंद बंद पडला तर ती एक घटना धरतात. श्वास निम्मा-अर्धा अडला तर तीही मोजतात. तासाला पाचपेक्षा कमी म्हणजे ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, पुढे तीव्र. काकांच्या तासाला ४१ होत्या. सगळ्यांत लांब घटना ६२ सेकंदांची. रक्तातला प्राणवायू ७४ टक्क्यांपर्यंत उतरला होता. निदान सरळ होतं: ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडणं, तोही तीव्र. रक्तदाब गोळ्यांना का दाद देत नव्हता तेही कळलं. रात्रभर दर दीड मिनिटाला शरीर जिवाच्या आकांतानं जागं होत होतं. आणि झोपेची गोळी, जी घशाचे स्नायू आणखी सैल करू शकते, ती वर चालूच होती. ती एकदम न तोडता हळूहळू बंद केली.

"प्राणायामानं जाईल का?"

हा प्रश्न काकांच्या मुलानं विचारला आणि तो रास्त आहे. ताईंनी पूर्वी सांगितलं होतं की काकांचं विशुद्ध चक्र, म्हणजे कंठाचं, अडलेलं आहे. अडथळ्याची जागा त्यांनी बरोबर सांगितली होती असंच मी म्हणेन. पण प्राणायाम आपण जागेपणी, इच्छेनं करतो. झोप लागली की इच्छा बाजूला होते आणि घसा आपल्या वजनानं मिटतो. तिथे संकल्प पोचत नाही.

घशाच्या व्यायामांचा काही उपयोग होतो, हे २००९ मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. जीभ, टाळू, गाल यांचे रोजचे व्यायाम तीन महिने केल्यावर मध्यम ॲप्नियाच्या रुग्णांत घटना तासाला साधारण २२ वरून १४ वर आल्या. आणि तुलनेसाठी ज्या गटाला दीर्घ श्वसन दिलं होतं, त्यांच्यात फरक पडला नाही. मुलाला मी हे जसंच्या तसं सांगितलं. व्यायाम करा, जरूर करा. पण ४१ च्या आकड्याला आणि ७४ टक्क्यांना तेवढं पुरणार नाही.

उपाय होता सीपॅप. सिडनीचे कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये पुढे आणलेली युक्ती: नाकावर मास्क, त्यातून दाबाखाली हवा, आणि त्या हवेचा घशाला आतून टेकू. मशिन आधी भाड्यानं घेऊन पाहता येतं, तसंच घेतलं.

काकांच्या संमतीनं मी ताईंना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "मला तीन महिने द्या, मग मशिनचं बघू." मी म्हटलं, तीन महिने नाही देता येणार, पण तुमची बैठक बंद करा असंही मी म्हणणार नाही. थोडा वेळ आमचं जमेना. शेवटी त्यांनी विचारलं, "असा माणूस माझ्यासमोर बसला तर ओळखायचा कसा?" तिथून पुढे बोलणं सोपं झालं.

मास्क

पहिले काही दिवस मास्क टिकला नाही. लावला की दहा मिनिटांत काका ओढून काढायचे, कपाळावर घाम. आम्ही जे नेहमी करतो ते केलं: मास्कचं माप बदललं, हवेत ओलावा वाढवला, नाक चोंदायचं त्याला फवारा दिला, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं जलनेती. गळती कमी झाली. मास्क तरी निघायचाच.

खरं कारण काकांनी ताईंना सांगितलं. भावाला न्यायच्या वेळी त्याच्या नाकात कापसाचे बोळे घातले होते, आणि ते घालताना काका समोर उभे होते. नाकावर काही टेकलं की तेच दिसायचं.

हे माझ्या कुठल्याही प्रश्नावलीत आलं नसतं. आणि आलं असतं तरी त्यावर काय करावं हे ताईंना माझ्याहून चांगलं जमलं. त्यांनी मास्क रात्रीतून काढून दिवसात आणला. आधी नुसता देवघरासमोर मांडीवर ठेवून हरिपाठ. मग हातानं नाकाशी धरून, पट्टे न बांधता. मग पट्टे बांधून, मशिन बंद. मशिन सुरू करायची वेळ आली तेव्हा एक अडचण निघाली. नाकातून हवा येत असताना मोठ्यानं अभंग म्हटला की ती तोंडातून भसकन बाहेर पडते आणि दचकायला होतं. तेव्हा ओठ मिटून मानसिक जप सुरू झाला, उच्छ्वासाबरोबर एक नाम. मशिन ४ च्या दाबावर सुरू होऊन हळूहळू वर चढेल असं लावलं. ताई शेजारी बसून राहायच्या. दुपारी आरामखुर्चीत काकांना मास्कसकट पहिल्यांदा झोप लागली ती अशी.

वैद्यकातही भीतीला पायरीपायरीनं सामोरं जाण्याची पद्धत आहे, तिचा क्रम साधारण हाच. पण आमच्या पद्धतीत विठ्ठल नाही. काकांना तो लागत होता.

भावासाठी त्यांनी त्या महिन्यात आळंदीला जाऊन इंद्रायणीकाठी दिवा सोडला. त्यानंतर मास्क रात्री राहू लागला.

तीन महिन्यांनंतर

मशिनच्या नोंदीत रोजचा सरासरी वापर ५ तास ४० मिनिटं, उरलेल्या घटना तासाला ३. एपवर्थ ७. रक्तदाब १३४/८६, गोळ्या त्याच. पहाटेची लघवी बंद. गाडीची चावी परत. काकू आतल्या खोलीत आल्या. मशिनचा आवाज पंख्याइतकाच आहे म्हणतात.

मग काका एक तक्रार घेऊन आले, आणि मला ती या प्रकरणातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते. "डॉक्टर, आता ध्यानच लागत नाही. पाचला उठतो, ताजातवाना असतो, पण बसलो की मन दहा दिशांना. कंपनी, मुलाचं लग्न, भाजी. आधी कसा लगेच आत जायचो."

त्यांचं काहीतरी खरंच गेलं होतं. पाऊण तासाची ती गुडुप शांतता त्यांनी वर्षभर कृपा म्हणून जपली होती, आणि तिला झोप म्हणणं हे त्यांच्यासाठी नुकसान होतं. मी त्यावर घाईनं काही बोलले नाही. ताईंनी मात्र सांगितलं की मन पळताना दिसतं आहे म्हणजे बघणारा जागा आहे, आता कुठे बसायला सुरुवात झाली. काकांनी गीतेचा सहावा अध्याय पुन्हा काढला. अति झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि अति जागणाऱ्यालाही नाही, असं तिथे सोळाव्या श्लोकात आहे, आणि सतराव्यात झोप आणि जागणं दोन्ही प्रमाणात असावं असं. पाठ होते ते श्लोक त्यांना. दोन-तीन आठवडे ते खट्टू होते. अजूनही सकाळची बैठक वीसच मिनिटांची होते, पण जागेपणी होते.

एक गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला सांगते, त्यांनाही सांगितली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले २७०० च्या वर रुग्ण होते, सीपॅपनं पुढचे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. दिवसाची झोप, मनःस्थिती आणि जगण्याची प्रत मात्र सुधारली. त्या अभ्यासात लोक रात्री सरासरी सव्वातीन तासच मास्क लावत होते. म्हणून मशिन आहे म्हणजे हृदय सुरक्षित, असं समजायचं नाही. वजन, चालणं, दाबाच्या गोळ्या हे सगळं राहतंच. वजनाचं काम काकांकडून अजून झालेलं नाही. ८९ चे ८७ झाले आहेत.

ताईंच्या केंद्रात आता नवीन माणसाला घोरण्याबद्दल, झोपेत श्वास थांबण्याबद्दल आणि गाडीवर डुलकी येण्याबद्दल विचारतात, आणि शक्यतो सोबत झोपणाऱ्यालाच विचारतात. त्यांच्याकडून माझ्याकडे काही जण तपासणीला आले. मीही निद्रानाशाच्या आणि मास्कची धास्ती घेतलेल्या एक-दोन रुग्णांना, त्यांची तशी श्रद्धा असेल तर, तिकडे जाऊन बसायला सांगते.

सध्या आमच्यासमोर प्रश्न आषाढीचा आहे. काका आजवर आळंदी ते पुणे एवढंच चालायचे. यंदा त्यांना पंढरपूरपर्यंत जायचं आहे. अडीचेक आठवडे तंबूत मुक्काम, वीज असेल-नसेल. मशिनची बॅटरी दिवसा दिंडीच्या ट्रकवर चार्ज करायची, ओलावा देणारा भाग बंद ठेवायचा म्हणजे ती रात्रभर पुरते, आणि धुळीमुळे गाळणी जास्त घ्यायची, इतकं ठरलं आहे. दोन रात्री त्यांनी गच्चीवर नुसत्या बॅटरीवर झोपून पाहिलं. एकदा पहाटे चारला ती संपली. मोठी बॅटरी मागवली आहे. ती आली की पुन्हा गच्चीवर झोपायचं, आणि त्या रात्रीच्या नोंदी घेऊन त्यांनी माझ्याकडे यायचं आहे.